अन्नसाखळीतले गुरुजी

परवापासून गावातली पोट्टी मला पाहिलं की बकरीसारखं ‘बेंऽऽ’ करतात. कारण सांगतो, पण सांगताना अजूनही कानशिलं तापतात.

शाळा ताडोब्याच्या बफरमधली, म्हणजे व्याघ्रप्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यातली. भक्षक-भक्ष्य शिकवायला वाचनपेटीतलं प्राण्यांचं पुस्तक काढलं. पहिल्याच पानावर सिंह आणि झेब्रा. सिंह इथून थेट गुजरातेत, गीरला. झेब्रा तर समुद्रापलीकडे. चौथीतल्या पोरीनं विचारलं, “गुरुजी, झेब्र्याचा पंचनामा कोण करते?” तिच्या घरची कालवड उन्हाळ्यात वाघानं नेली. मेलेल्या जनावरापाशी वनरक्षक फोटो काढायला येतोच, अशी तिची समजूत.

नातवाचा डबा द्यायला आलेला एक आजा व्हरांड्यात होता. डबा देऊन झाला होता, पण आजा गेला नव्हता. मी वाचलं, “वाघाच्या दहा-वीस प्रयत्नांत एखादीच शिकार साधते.”

“हे कोनं लिवलं जी?” आजा आत येऊन चक्क माझ्या खुर्चीत बसला. “आमच्या कालवडीच्या टायमाले तं पह्यल्याच झटक्यात पास झाला.”

“आजोबा, ती दाव्याला बांधलेली होती.”

“मंग लिवा ना तसं! चितळाले दहा झटके, बांधलेल्याले एक.”

मी घाईघाईनं पुढच्या पानावर गेलो. भक्षकाचे डोळे समोर, भक्ष्याचे बाजूला. आजानं चष्मा वर करून माझा चेहरा न्याहाळला, पार जनावरांच्या बाजारात न्याहाळतात तसा. दात तेवढे पाहायचे राहिले.

“डोये तं समोर हायेत. पन गुरुजी, तुमी पाच वाजता फटफटीनं एकलेच जंगलातून जाता. वाघ मांगून येते. समोरचे डोये काय कामाचे?”

वर्ग खिदळला. त्याच्या नातवानं फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलं : गवत → बकरी → गुरुजी → वाघ. नेमके तेव्हाच साहेब तपासणीला आले.

“मुख्यालयी राहिले असते तर साखळीत नसते आले,” साहेब म्हणाले. अहो, राहू कुठं? गावात भाड्यानं खोली नाही. तालुक्यापासून बावीस किलोमीटर येतो-जातो, दोन्ही वेळा देवाचं नाव घेत. त्या सूचनेचा कागद मात्र दरवर्षी न चुकता येतो.

साहेब गेल्यावर आजा जरा खाली आवाजात बोलला. “वाघ डुक्कर खाते, रोही (नीलगाय) खाते. मी रातभर जागलीवर तेच डुक्कर, तेच रोही हाकलतो. काम एकच हाय ना जी? त्याले दर चार वर्षांनं कॅमेरे लावून मोजतेत. जागलीवरचे बुढे कोन मोजते?”

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. घंटा झाली म्हणून सुटलो.

सुंदरबनात 1980च्या दशकात लोक डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या तोंडाचा मुखवटा बांधून जंगलात जायचे, हे मी दुसऱ्या दिवशी सांगायला नको होतं. वाघ पाठीवर येतो, तोंड दिसलं की बिचकतो, असा हिशेब. मधल्या सुट्टीत पोरांनी पुठ्ठा कापून माझं तोंड काढलं. मिशी नको तेवढी मोठी. हेल्मेटला सुतळीनं बांधूनही दिलं.

शाळा सुटल्यावर, कुणी बघत नाही असं पाहून, ते तसंच ठेवून निघालो. नाल्याच्या वळणावर आजा बकऱ्या घेऊन उभा.

“गुरुजी,” तो मागून ओरडला, “मांगचं तोंड बरं हाय!”