सॉफ्टबॉल म्हणजे ‘सोपा केलेला बेसबॉल’ नव्हे

समाजमाध्यमांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सॉफ्टबॉल हा मुलींसाठी सोपा केलेला बेसबॉल आहे. चेंडू मऊ, फेक हळू, आणि हात खालून फिरतो म्हणून एकच पिचर (चेंडू फेकणारी) रोज टाकू शकते. खेळातच दम नाही, म्हणून बायकांची व्यावसायिक लीग कुठेच टिकत नाही. अमेरिकेत २०२५ साली सुरू झालेली ‘अ‍ॅथलीट्स अनलिमिटेड सॉफ्टबॉल लीग’, म्हणजे एयूएसएल, त्याच वाटेने जाणार. आपल्याकडे शालेय क्रीडास्पर्धांत मुली हा खेळ मन लावून खेळतात. त्यांच्यापर्यंत हा मजकूर पोचतो, म्हणून एकेक मुद्दा तपासून घेऊ.

‘चेंडू मऊ असतो.’ नावावरून हा गैरसमज होतो. १८८७ साली शिकागोत एका बंदिस्त सभागृहात बॉक्सिंगचा हातमोजा गुंडाळून त्याचा चेंडू केला गेला, आणि तिथून हा खेळ निघाला. आजच्या चेंडूचा परीघ १२ इंच आणि वजन १७८ ते १९८ ग्रॅम असतं. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, तर पुरुषांच्या क्रिकेटचा १५६ ते १६३ ग्रॅमचा. म्हणजे तिन्हींत जड हाच. बंट, म्हणजे बॅट पूर्ण न फिरवता चेंडू हलकेच जवळ टाकणं, येणार असं दिसलं की तिसऱ्या बेसवरची (धावताना गाठायच्या थांब्यावरची) खेळाडू पुढे सरकते आणि बॅटरपासून दहा-बारा मीटरवर येऊन उभी राहते. अशा वेळी बॅटरने बंट सोडून पूर्ण फटका मारला, तर चेंडू थेट तोंडावर येऊ शकतो. इनफिल्डमधल्या, म्हणजे बेसच्या आसपासच्या, अनेक जणी चेहऱ्यावर जाळीचा मास्क घालतात तो यासाठीच. चेंडू मऊ असता तर मास्कची गरजच पडली नसती.

‘फेक हळू असते.’ इथे जरा थांबून हिशेब करू. नुसता वेग पाहून काही कळत नाही, अंतरही पाहावं लागतं. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचरची पट्टी होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभी असते त्या जागेपासून, ४३ फुटांवर असते, म्हणजे १३.१ मीटर. बेसबॉलमध्ये हे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर आहे. दोन्हीकडे पिचर पुढे झेपावून चेंडू सोडते किंवा सोडतो, म्हणून दोन्हींतून साधारण १.८ मीटर वजा करू. ताशी ७० मैलांचा सॉफ्टबॉल उरलेले ११.३ मीटर सुमारे ०.३६ सेकंदात कापतो. ताशी ९५ मैलांच्या बेसबॉलला त्याचे १६.६ मीटर कापायला सुमारे ०.३९ सेकंद लागतात. हवेचा अडथळा धरला तर दोन्ही आकडे किंचित वाढतील, पण सॉफ्टबॉलच्या बॅटरला जास्त वेळ मिळतो असं त्यातून कुठेही निघत नाही. अमेरिकेच्या मोनिका अ‍ॅबटने २०१२ साली ताशी ७७ मैलांची, म्हणजे जवळपास १२४ किलोमीटर वेगाची पिच टाकली होती. तिच्यासमोर हा वेळ आणखी आखडतो.

शिवाय चेंडू येतो कुठून, तेही बघायला हवं. बेसबॉलचा पिचर माउंडवरून, म्हणजे मातीच्या उंचवट्यावरून, खांद्याच्या वरून टाकतो, म्हणून चेंडू उतरत येतो. सॉफ्टबॉलमध्ये माउंडच नाही. पिचर सपाट वर्तुळात उभी असते आणि चेंडू मांडीजवळून सुटतो, त्यामुळे तो खालून वर येऊ शकतो. राइझ बॉलची सारी गंमत यात आहे. सोडताना बोटं चेंडूखालून कापत जातात, त्याला उलटी फिरकी मिळते आणि तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो. मेंदूने ठरवलेल्या जागेच्या वरून चेंडू जातो आणि बॅट त्याच्या खालून फिरते. मनगट किंचित बाजूला वळलं की मात्र फिरकी बंदुकीच्या गोळीसारखी होते. मग चेंडू ना चढतो ना वळतो, बॅटरच्या पोटाच्या उंचीवर सरळ येतो, आणि कुंपण साधारण ६७ मीटरवरच असतं. होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडे गेलेला फटका, अनेकदा अशाच फसलेल्या राइझवर जातो.

बेसमधलं अंतरही ६० फूटच, बेसबॉलमध्ये ९०. डावखुरी स्लॅपर धावत धावतच चेंडूला टोला देते आणि पहिल्या बेसवर २.८ सेकंदांच्या आसपास पोचते. शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूकडे, चेंडू यायला सव्वा सेकंद आणि तिच्या फेकीला जवळपास एक सेकंद गेला, की ग्लोव्हमधून चेंडू काढून हात मोकळा करायला अर्ध्या सेकंदाहून थोडं अधिक उरतं. चेंडू ग्लोव्हमध्ये एकदा जरी उडाला, तरी धावणारी सेफ, म्हणजे बाद होत नाही. ‘सोपं केलेलं’ यात मला काहीच सापडत नाही.

‘एकच पिचर रोज टाकते.’ याला पुरावा म्हणून जपानच्या पिचर युकिको उएनोचं नाव घेतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने एकाच दिवशी दोन सामन्यांत १४७ आणि १७१ पिच टाकल्या, दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात ९५. दोन दिवसांत ४१३ पिच, आणि अमेरिकेला ३-१ ने हरवून जपानला सुवर्ण. तो पराक्रम मोठाच आहे, पण सुवर्णपदक पुढ्यात असताना केलेला. रोजचा मोसम असा चालत नाही. विंडमिल फेकीत हात पूर्ण वर्तुळ घेतो आणि चेंडू सुटताना खांद्याच्या पुढच्या भागावर व बायसेप्सवर मोठा ताण येतो.

आता एयूएसएलचा २०२५ चा मोसम पाहा: ब्लेझ, बँडिट्स, टॅलन्स आणि व्होल्ट्स हे चार संघ, आणि प्रत्येकाला जूनच्या सुरुवातीपासून जुलैअखेरपर्यंत २४ सामने. प्रतिस्पर्धी तीनच, म्हणजे एकेका संघाशी सरासरी आठ वेळा गाठ. त्याच बॅटर आठव्यांदा समोर आल्या की चेंज-अपच्या, म्हणजे मुद्दाम हळू टाकलेल्या चेंडूच्या, वेळी कोपर कसं हलतं, हेसुद्धा त्यांना पाठ झालेलं असतं. म्हणून सामन्याच्या सात इनिंग दोघी-तिघींत वाटाव्या लागतात, आणि राइझवालीनंतर ड्रॉपवाली (खाली बुडणारा चेंडू टाकणारी) आणली की बॅटरला नजर वरून खाली न्यावी लागते. त्यातच कॉलेजातून नुकत्याच आलेल्या आघाडीच्या पिचरनी फेब्रुवारीपासून २०० च्या वर इनिंग टाकलेल्या असू शकतात. त्यांना जपून वापरणं हे प्रशिक्षकाचं मोठं काम असतं.

राहिला ‘लीग टिकत नाही’ हा मुद्दा. यात अर्धं सत्य आहे. अमेरिकेत १९७६ ची लीग १९७९ ला संपली, आणि २००४ ला सुरू झालेली नॅशनल प्रो फास्टपिच २०२१ ला बंद झाली. पण कारणं खेळात शोधू नका, हिशेबाच्या वहीत शोधा. फास्टपिचमध्ये अख्ख्या संघाच्या पगाराची मर्यादा दीड लाख डॉलर होती. वीस जणींत वाटली तर डोईमागे साडेसात हजार. २०१६ मध्ये अ‍ॅबटशी सहा वर्षांचा दहा लाख डॉलरचा करार झाला, तेव्हा वर्षाचा पगार वीस हजारच दाखवता आला. बाकीची रक्कम प्रेक्षकसंख्येच्या बोनसवर बांधावी लागली. एखाद्या मालकाने हात काढला की संघ जायचा आणि वेळापत्रक कोसळायचं.

एयूएसएलने पहिल्या वर्षी म्हणूनच संघांना घरचं शहर दिलं नाही. चारही संघ गावोगाव फिरले, मैदानांचं वर्षभराचं ओझं कुणाच्या डोक्यावर राहिलं नाही आणि प्रेक्षक कुठे येतात ते कळलं. मेजर लीग बेसबॉलने मे २०२५ मध्ये पैसा घातला. टस्कलूसात झालेली अंतिम मालिका टॅलन्सने बँडिट्सविरुद्ध २-० अशी जिंकली. मग २०२६ साठी संघांना शिकागो, टेक्सस, युटा आणि कॅरोलायना मिळालं, आणि ओक्लाहोमा सिटी व पोर्टलंड हे दोन नवे संघ आले.

आणि ‘कुठेच’ म्हणणाऱ्यांनी जपानकडे पाहावं. तिथली लीग १९६८ पासून चालू आहे. २०२२ पासून ती जेडी लीग म्हणून १६ संघांची झाली. टोयोटा, होंडा, बिक कॅमेरा अशा कंपन्यांचे हे संघ. खेळाडूंचा पगार कंपनी देते, म्हणून तो एखाद्या रविवारच्या तिकीटविक्रीवर अडत नाही. अ‍ॅबट वर्षानुवर्षं टोयोटाकडून तिथे खेळली ती याच स्थैर्यामुळे.