किल्ली कोणाच्या नावावर?

"सर, आम्ही व्हेंडर नाही, तुमचे पार्टनर आहोत," असं मार्केटिंग एजन्सीचा माणूस पहिल्याच भेटीत म्हणतो. हे वाक्य ऐकलं की मी आधी दर विचारतो. भागीदार तोट्यातही वाटेकरी असतो. हा मात्र आपल्याला तोटा झाला तरी एक तारखेला बिल पाठवणार, वर १८ टक्के जीएसटी. तरीही एजन्सी लागतेच, आणि एकदा धरली की दोन-तीन वर्षं टिकावी लागते. कारण आपला चिवडा पातळ पोह्यांचा आहे, भाजक्या पोह्यांचा नाही, एवढं तिच्या डोक्यात उतरेपर्यंतच एक तिमाही जाते.

सांगलीकडचा एखादा फराळवाला घ्या. चकली, चिवडा, शंकरपाळी, विक्री ऑनलाइन. त्याची पहिली चूक मुहूर्ताची. एजन्सी शोधायची आठवण त्याला दिवाळी तीन आठवड्यांवर आली की होते. तेव्हा अख्खा देश जाहिराती करत असतो आणि ऑनलाइन जाहिरातींच्या जागांचा लिलाव चालतो, त्यामुळे भाव चढलेले असतात. त्यात मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या कंपनीच्या, यंत्रणेला एकत्र चालवलेल्या जाहिरातींच्या एका संचाचा अंदाज बसायला आठवड्याला साधारण ५० ऑर्डरी लागतात, आणि मध्ये कोणी मोठा बदल केला की पाटी पुन्हा कोरी. ऐन दिवाळीत नव्या एजन्सीला काम देणं म्हणजे पोहायला शिकायला कृष्णेच्या पुरात उतरणं. संक्रांत झाली की शोध सुरू करावा.

मग प्रेझेंटेशन. साठ स्लाइड, त्यातल्या पहिल्या पंधरा त्यांच्याच ऑफिसच्या. बोलायला संस्थापक स्वतः, अस्खलित. काम करणारा मुलगा मात्र त्या खोलीत नसतोच, तो पंधरा दिवसांपूर्वी रुजू झालेला असतो. म्हणून विचारायचं: आमचं खातं कोण बघणार, आणि त्याच्याकडे आणखी किती खाती आहेत? चार-पाच असतील तर ठीक. बारा असतील तर आपल्या चकलीखाली कधीतरी गादीवाल्याचा फोन नंबर छापून येईल. त्या मुलाचं नाव करारात घालून घ्यावं. जुन्या ग्राहकांचे नंबर मागताना एक सोडून गेलेला मागावा. खूश ग्राहक अर्धा तास कौतुक करतो आणि हाती काही लागत नाही, सोडून गेलेला पाच मिनिटांत सगळं सांगतो.

माझी आवडती परीक्षा साधी आहे. कागद द्यायचा, दहा मिनिटं द्यायची आणि चकलीवर एक मराठी ओळ लिहायला सांगायची. "ह्या दिवाळीला बनवा खास, आमच्या चकलीसोबत!" असं काही आलं, तर चहा पाजून निरोप. दर महिन्याच्या बारा पोस्टमध्ये शुभेच्छांच्या किती, हेही आधीच ठरवावं. नाहीतर बारातल्या नऊ "हार्दीक" शुभेच्छाच निघतात, आणि त्यातली वेलांटी आपणच दुरुस्त करत बसतो. "गूगलवर पहिला नंबर, गॅरंटीड" म्हणणाऱ्याशी वाद घालू नये. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलच सांगतं.

पैशांचं गणित मात्र चहा गार झाला तरी चालेल, पण बसून करावं. भारतातल्या सुरुवातीच्या एजन्सींपैकी एक, बी. दत्ताराम, १९०५ मध्ये आपल्या गिरगावातच निघाली. वर्तमानपत्रांच्या जाहिरातींवर पुढे १५ टक्के कमिशनचा रिवाज रुळला, आणि तीच सवय ऑनलाइनमध्येही आली. खर्चाच्या टक्क्यावर फी असेल, तर खर्च कमी करा असं सांगणारी एजन्सी अजून जन्मायची आहे. त्यापेक्षा ठरावीक मासिक फी बरी. टीडीएस २ टक्के की १० टक्के, ते सीएला विचारून करारातच लिहावं, नाहीतर दर बिलाला तीच हुज्जत.

रिपोर्टमध्ये मग "चारपट रिटर्न" येतो. शंभर रुपयांच्या जाहिरातीवर चारशेची विक्री. आता चकलीवर आपल्याला सुटतात पंचवीस टक्के, म्हणजे शंभर. ते जाहिरातीत गेले. एजन्सीची फी खिशातून, आणि कॅश ऑन डिलिव्हरीचे परत आलेले डबे घरच्यांनी खायचे. त्यात मेटा सांगतं तीनशे ऑर्डरी, गूगल सांगतं अडीचशे, मिळून साडेपाचशे, आणि गोदामातून गेलेले असतात चारशे दहा. मग १४० डबे गेले कुठे? कुठेच नाही. जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत किंवा ती नुसती दिसल्यापासून एका दिवसात झालेली खरेदी मेटा आपल्या नावावर घेतं, तोच माणूस गूगलवरूनही आलेला असतो. बिलबुक समोर ठेवूनच रिपोर्ट वाचावा. गूगलवर आपल्या दुकानाचं नाव टाइप करून आलेल्यांचा आकडा वेगळा मागावा. ते तसेही येणारच होते, त्यांच्या क्लिकचा टोल आपण कशाला भरायचा?

आणि किल्ल्या. डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, गूगल अॅड्सचं खातं, फेसबुक पेज, वेबसाइटवर कोण आलं-गेलं ते मोजणारं अॅनालिटिक्स, सगळं आपल्या ईमेलवर उघडायचं. एजन्सीला गूगलमध्ये मॅनेजर खात्यातून आणि मेटामध्ये पार्टनर म्हणून आत घ्यायचं. "आम्हीच उघडून देतो, सर" याचा अर्थ निघताना तीन वर्षांचा सगळा इतिहास त्यांच्याबरोबर जातो. लोगोचंही तसंच. पैसे दिले म्हणजे लोगो आपला, ही गैरसमजूत. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्क लेखी सही करून घ्यावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. न्यू जर्सीला फराळ पाठवणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

करार आधी तीन महिन्यांचा, मग वर्षाचा. नोटीस दोन्हीकडून तीस दिवस, हस्तांतराला पंधरा. फारकत झाली की त्याच दिवशी पेजच्या सेटिंगमध्ये जाऊन जुन्यांची नावं काढायची. नाहीतर पुढच्या संक्रांतीला पहाटे सहाला आपल्या पेजवर आपोआप पोस्ट पडते, "तीळगुळ घ्या, गोड गोड बोला", आणि खाली कोपऱ्यात लोगो गादीवाल्याचा.