‘फिनलंडनं गाडलंच ना!’

आमच्या वणीकडच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणणं असं: अणुकचरा खोल जमिनीत गाडला की प्रश्न मिटला. फिनलंडनं तो केव्हाच गाडला. आपल्याकडे बंद कोळसा खाणी रिकाम्या पडल्यात. शास्त्रज्ञांनी तपासल्यावर पुन्हा स्वतंत्र पर्यावरण तपासणी मागणं म्हणजे नुसता खोडा. शेजारचे काका तर टपरीवर म्हणाले, “गाडलंच ना त्यायनं, मंग आपल्याले काहून भेव?”

उलट बाजूची अफवाही खोडून टाकतो. वणीत उद्या अणुकचऱ्याचे ट्रक येणार, हे बोलणं हवेतलं आहे. भारतात वापरलेल्या अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया होते, उरलेला तीव्र किरणोत्सारी द्रव काचेत गोठवतात आणि ती काच तारापूरसारख्या ठिकाणी हवेनं थंड राहणाऱ्या कोठारात ठेवतात. खोल भूमिगत साठ्याची तूर्त गरज नाही, असं सरकारनं संसदेत सांगितलेलं आहे.

आता फिनलंड. ‘केव्हाच’ हा शब्द तिथं बसत नाही. वेळापत्रक 1983 साली ठरलं, ओंकालो या तिथल्या भूमिगत साठ्याचं खोदकाम 2004 साली सुरू झालं, बांधकामाचा परवाना 2015 साली मिळाला. 2024 साली सुरू झालेली चाचणीसुद्धा खऱ्या कचऱ्याविना होती. मधल्या काळात साठा बांधणाऱ्या कंपनीचे दावे तपासत होती तिथली किरणोत्सार सुरक्षा संस्था, आणि ती आरोग्य खात्याखाली येते, ऊर्जा खात्याखाली नाही. शिवाय ओंकालो ज्या गावात आहे त्या एउरायोकीला कायद्यानं नकाराचा हक्क होता. आपल्या ग्रामसभेला असा हक्क आहे, असं समजून पाहा.

रिकाम्या खाणींचा मुद्दा सगळ्यात कच्चा. जर्मनीनं नेमकं हेच केलं होतं. आस्से नावाच्या जुन्या मिठाच्या खाणीत 1967 ते 1978 या काळात कचऱ्याची सुमारे 1,26,000 पिंपं उतरवली. 1988 पासून आत पाणी झिरपतंय, रोज बारा हजार लिटरच्या आसपास, म्हणजे उन्हाळ्यात गावात येतो तसा एक टँकर. आता ती पिंपं पुन्हा वर काढायची, असा कायदाच तिथं करावा लागला. खाण खोदतात ती माल काढण्यासाठी. खडक किती फुटला, पाणी कुठून वाट काढेल, याची फिकीर तेव्हा कोणी करत नाही. आपल्या कोळसा खाणीत तर पंप बंद पडला की पाणी चढतं, हे खाणीत काम केलेला कोणीही सांगेल. ओंकालो साधारण 430 मीटर खोल आहे, म्हणजे चौदाशे फूट. वरुड-मोर्शीच्या संत्रावाल्यांचे बोअर पाण्यासाठी हजार फुटांपर्यंत पोचलेत, म्हणजे नुसतं खोल गेलं की पाण्याचा प्रश्न मिटला, असंही नाही.

राहिलं ‘शास्त्रज्ञांनी तपासलं’. कोणाच्या शास्त्रज्ञांनी? कापसाची गाडी जिनिंगवर नेण्याआधी आपण बाहेरच्या धर्मकाट्यावर मोजतो. व्यापारी चोरच असतो म्हणून नाही, काटा त्याचा आहे म्हणून. स्वीडनमध्ये अशाच भूमिगत साठ्याला किरणोत्सार नियामकानं होकार दिला होता. तरी 2018 च्या जानेवारीत पर्यावरण न्यायालयानं बोट ठेवलं: कचरा ठेवायचे तांब्याचे डबे खाली गंजणार नाहीत, हे पुरेसं सिद्ध झालेलं नाही. ही शंका आधी विद्यापीठातल्या संशोधकांनी काढली होती. कंपनीला जास्तीचा अभ्यास द्यावा लागला, आणि 2022 साली सरकारनं मंजुरी दिली. खोडा घातला असता तर मंजुरी आली असती का?

आपल्याकडे पर्यावरण अहवाल प्रकल्पवालाच करून घेतो, पैसेही तोच देतो. जैतापूर अणुप्रकल्पाचा अहवाल आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं केला, तो प्रकल्पवाल्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनसाठी. अणुऊर्जा नियामक मंडळ सरकारच्या हाताखालचंच राहिलं, असा शेरा 2012 साली कॅगनंच, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेनंच मारला.

मजकुरातलं एक वाक्य मात्र मला मान्य आहे: कचरा तयार झालाय, तो कुठंतरी ठेवावाच लागेल, आणि खोल, न फुटलेला खडक ही त्यातल्या त्यात बरी जागा. काकांना हे सगळं सांगितलं, धर्मकाट्याचंही. ते म्हणाले, “काट्याची गोष्ट येगळी हाय मास्तर, तिथं आपला कापूस असते.”