करमाफीचा ठराव आणि त्याच्या दोन पानं पुढचा विषय

महापालिकेच्या मुख्य सभेची विषयपत्रिका फिरायला लागली की सगळे एकच गोष्ट शोधतात: घरपट्टी वाढली का? वाढली नसेल, वर एखादी सवलत असेल, तर सोसायटीच्या ग्रुपवर अंगठे पडतात आणि पुढची पानं कुणी उलटत नाही. त्याच पत्रिकेत दोन पानं पुढे असा विषय असतो: ‘स. नं. अमुक पै. क्षेत्र शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणेकामी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चे कलम ३७ अन्वये कार्यवाही सुरू करणेस मान्यता.’ वाचणाऱ्याने अर्ध्यात सोडून द्यावं अशीच ही भाषा. पण करमाफी आणि हा झोनबदल एकाच जमाखर्चात बसतात. पहिल्यामुळे तिजोरीत पडणारं भगदाड बऱ्याचदा दुसऱ्याने बुजवलं जातं. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

आधी पैशाचं बघू. महापालिकांची जकात गेली, तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली आणि तीही गेली, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मुंबईची जकातसुद्धा संपली. त्या बदल्यात राज्याकडून भरपाई येते, वर्षाला ८ टक्के वाढ धरून. पण ते दुसऱ्याच्या हातचं पाणी. स्वतःच्या हातात मोठे नळ दोनच उरले: मिळकतकर आणि बांधकाम परवानगीतून येणारी रक्कम, म्हणजे विकास शुल्क, प्रीमियम (जादा बांधकामासाठी मोजायची रक्कम) वगैरे. मिळकतकर दरवर्षी येतो. प्रीमियम एकदाच येतो, आणि पुन्हा हवा असेल तर पुन्हा कुणाला तरी जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाचा हक्क, द्यावा लागतो. वार्षिक उत्पन्न सोडून द्यायचं आणि एकरकमी उत्पन्नावर पगार, रस्तेदुरुस्ती, पाण्याचं वीजबिल चालवायचं, असा हा व्यवहार आहे. घरात कुणी असं केलं तर आपण त्याला जमीन विकून किराणा भरणारा म्हणू.

आता सवलतीकडे. मिळकतकर हा एक कर नाहीच, ती करांची मोळी आहे. बिल उलटून पाहा: सामान्य कर, पाणीपट्टी किंवा जललाभ कर, मलनिःसारण, रस्ता, वृक्ष, शिवाय राज्याचा शिक्षण उपकर. हा शेवटचा महापालिका फक्त गोळा करून देते, तो माफ करणं सभेच्या हातातच नाही. म्हणून ‘करमाफी’ ऐकली की पहिला प्रश्न हा विचारायचा की कोणत्या ओळीची? मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मार्च २०१९ मध्ये सवलत आली तेव्हा ती फक्त सामान्य कराची होती. ‘पूर्ण माफ’ असं समजून बसलेल्यांना बाकीच्या ओळींचं बिल आलंच. पूर्ण मिळकतकर माफ झाला तो १ जानेवारी २०२२ पासून, चटई क्षेत्र (भिंतींच्या आतलं) ४६.४५ चौरस मीटर, म्हणजे तेच ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना.

या सवलतीबद्दल माझं मत चांगलं नाही. क्षेत्रफळ हा गरिबीचा दाखला होत नाही. मलबार हिलवरचं ४९० फुटांचं घर माफ आणि मानखुर्दचं ५१० फुटांचं घर पूर्ण बिलात, हा न्याय फूटपट्टीचा झाला. रेषेच्या अलीकडे-पलीकडे थोडी उतरंड ठेवली असती तरी चाललं असतं.

पुण्याची ४० टक्के सवलत जास्त शिकवून जाते. घरमालक स्वतः राहत असेल तर महापालिकेने कर काढायला धरलेल्या वार्षिक भाड्याच्या रकमेतून ४० टक्के वजा, ही सवलत १९७० पासून होती. हिशेब असा: घर ६०० फूट, ठरलेला दर महिना २ रुपये फूट धरा, तर वार्षिक भाडं १४,४००. ४० टक्के गेले की ८,६४०. त्यातून देखभालीचे १० टक्के गेले की करपात्र मूल्य ७,७७६. सगळे कर मिळून ४५ टक्के धरले तर बिल सुमारे ३,५०० रुपये. सवलत नसेल तर करपात्र मूल्य १२,९६० आणि बिल ५,८३२. दर आणि टक्का दोन्ही उदाहरणापुरते घेतले आहेत, पण रीत हीच. लेखापरीक्षणात या सवलतीवर आक्षेप निघाला, राज्य सरकारने जुना ठराव विखंडित, म्हणजे रद्द, केला, आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना ती मिळेनाशी झाली. काहींना मागच्या फरकाची बिलं गेली. मार्च २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ती परत दिली, पण ज्यांची सवलत सुटली होती त्यांना पीटी-३ अर्ज भरून आपण स्वतः राहतो याचे पुरावे जोडावे लागले.

यातला खरा धडा कायद्याचा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या करआकारणी नियमांत देखभालीची वजावट १० टक्के अशी लिहिलेली आहे. सभेने ठराव करून ती १५ केली, टाळ्या वाजल्या, तरी नियम १० वरच राहतो. कलम ४५१ खाली राज्य सरकार ठराव निलंबित किंवा विखंडित करू शकतं. म्हणजे कायद्यात पाय नसलेली सवलत ही सवलत नसून न सांगता दिलेलं कर्ज असतं, आणि वसुली तुमच्या मुलांच्या वेळी निघते. ठरावाची प्रत मागा आणि त्यात कलम कुठलं लिहिलंय ते बघा. कलमाच्या जागी ‘नागरिकांच्या भावना लक्षात घेता’ असेल तर पेढे वाटायची घाई करू नका.

अभय योजनेचं तर बोलायलाच नको, तरी बोलतो. थकबाकीवर दंड महिना २ टक्के, म्हणजे वर्षाला २४. योजना येते आणि दंडातले ८० टक्के माफ होतात असं धरू. राहिले वर्षाला ४.८ टक्के. एवढ्या स्वस्तात बँक कर्ज देत नाही. वेळेवर भरणाऱ्याला मात्र लवकर भरल्याबद्दल जेमतेम काही टक्के सूट. मोठा थकबाकीदार वेडा नाही, तो मार्चच्या जाहिरातीची वाट बघतो. शास्तीचं, म्हणजे अवैध बांधकामावर लावलेल्या दंडाचंही तेच. पिंपरी-चिंचवडमध्ये अवैध बांधकामांवरची शास्ती मार्च २०२३ मध्ये माफ झाली तेव्हा अट होती की मूळ कर आधी भरायचा, आणि माफीमुळे बांधकाम नियमित झालं असं होत नाही. ही दुसरी अट कुणी मोठ्याने वाचली नाही. पुढे घर विकताना ती वाचावी लागणार आहे.

बिलात चूक असेल तर सवलतीपेक्षा दुरुस्ती जास्त पैसे वाचवते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. आकारणीचा उतारा मागवा आणि चार गोष्टी ताडून पाहा. क्षेत्र चटई आहे की बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट? खरेदीखतावरचा बिल्टअप आकडा उचलून तोच चटई म्हणून लिहिला तर कर आयुष्यभर पाचवा हिस्सा तरी जादा जातो. वापर निवासी आहे की पार्किंगचा कोपरा बिगरनिवासी धरलाय? आकारणीची तारीख भोगवटा पत्राशी जुळते का? आणि तुम्ही स्वतः राहत असताना भाडेकरू लागलाय का? विशेष नोटीस आली की त्यावर हरकतीची मुदत छापलेली असते, साधारण १५ दिवसांपासून पुढे. ती चुकवली की पुढचं दार जड आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ चं अपील १५ दिवसांत, आधी हरकत घेतलेली असली पाहिजे आणि मागितलेली रक्कम भरलेली असली पाहिजे. ‘निकाल लागला की भरू’ म्हणणाऱ्याचं अपील उभंच राहत नाही.

आता त्या दोन पानं पुढच्या विषयाकडे. शेतीची जमीन रहिवासात गेली की तिचा भाव एका रात्रीत बदलतो. हा वाढलेला भाव करात येतो का? मुंबईत भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्याऐवजी मिळकतीच्या किमतीवर, कर आहे. तिथल्या नियमांत मोकळ्या जमिनीवर पुढे किती एफएसआय मिळेल ते धरून मूल्य काढण्याची तरतूद होती. उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं: कर आजच्या स्थितीवर, उद्याच्या शक्यतेवर नाही. निकाल कायद्याच्या भाषेत बरोबर असेल, पण परिणाम बघा. झोन बदलल्याने जमीनमालकाच्या झोळीत पडलेली वाढ वार्षिक करात दिसत नाही, आणि नव्या वस्तीला लागणारं पाणी, ड्रेनेज, कचरा मात्र तुमच्या-माझ्या मिळकतकरातून जातो. तोच कर, ज्यात आपण सवलत मागत होतो.

झोनबदल दरवेळी ‘झोन’ या शब्दाने येत नाही. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत, जी डिसेंबर २०२० पासून लागू आहे, ९ मीटरपेक्षा कमी रुंद रस्त्यावरच्या प्लॉटला प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) मिळत नाही. म्हणून रस्त्याची रेषा हलवली की एफएसआय हलतो. पुण्यात २०२० मध्ये ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव आला, तो महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली, म्हणजे रस्त्याची नियमित रेषा म्हणून. नाव रस्तारुंदीचं. नकाशावर मात्र दोन्ही बाजूंच्या बंगल्यांच्या जागी इमारती दिसायला लागतात. रस्ता रुंद नकोच असं कुणी म्हणत नाही. पण पुढच्या भिंती कधी मागे जाणार हे न ठरवता आधी टीडीआर दिला, तर कागदावर ९ मीटर आणि जागेवर ६ मीटरच्या गल्लीत आठ मजले, अशी गत होते.

कलम ३७ मध्ये एक महिना मिळतो, राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून. वर्तमानपत्रात ती निविदांच्या शेजारी, बोटभर जागेत असते. ती वाचताना एका अक्षरावर थांबा: ‘पै.’ म्हणजे पैकी. ‘स. नं. ४५ पै.’ म्हणजे पंचेचाळीसपैकी काही. किती? कुठल्या बाजूचं? ओढ्याकाठचं की रस्त्याकडचं? सूचनेत नसतं, भाग नकाशावर असतं. नगररचना विभागात नकाशा पाहायला ठेवणं बंधनकारक आहे. जाऊन पाहा, क्षेत्र आणि चतुःसीमा उतरवून घ्या. हे काम तासाभराचं आहे आणि हरकतीतलं निम्मं वजन त्यातच आहे.

हरकत भावनेवर लिहिली की ती ‘विचारात घेतली’ अशा एका ओळीत संपते. पाचशे लोकांनी एकच छापील मजकूर दिला तर अहवालात ती एकच हरकत म्हणून मोजली जाते, हेही लक्षात ठेवा. वीस वेगळ्या, तांत्रिक हरकती जास्त कामाच्या. मुद्दे असे हवेत: पोहोच रस्ता नकाशावर किती आणि जागेवर किती, जमीन निळ्या पूररेषेच्या आत आहे का, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या, लाल रेषेच्या, म्हणजे १०० वर्षांतल्या पुराच्या आत किती, उतार १:५ पेक्षा जास्त आहे का, सध्याच्या पाण्याच्या टाकीवर आधीच किती वस्ती आहे. आणि शेवटी एक ओळ कायम ठेवा: ‘तरीही मान्यता द्यावयाची झाल्यास खालील अटींवर द्यावी.’ निव्वळ विरोध फेटाळला जातो, अट कधीकधी टिकते. सुनावणी मागितली आहे असं स्पष्ट लिहा. अंतिम मंजुरी राज्य सरकारची असते आणि प्रस्ताव तिकडे एक वर्षाच्या आत पाठवायचा असतो, त्यामुळे महापालिकेत काम संपलं असं समजून घरी बसू नका. मंजुरीची अधिसूचना निघेपर्यंत नगरविकास विभागाकडेही प्रत गेलेली असू द्या.

आरक्षणाचं वेगळं. बागेचं, शाळेचं आरक्षण आहे आणि विकास आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली तरी जमीन घेतली नाही, तर मालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस देतो. २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपलं. इथे सभेला ठराव करावाच लागत नाही. नुसतं गप्प बसलं तरी बाग जाते. आणि गप्प बसायचं कारण अंदाजपत्रकात तयार असतं: संपादनाला पैसे नाहीत. का नाहीत, ते वर आलंच आहे.

मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडच्या सभागृहांची मुदत संपली आणि प्रशासक आले. स्थायी समितीही तेच आणि मुख्य सभाही तेच. अशा काळातले ठराव काढून पाहा, विषय मांडणारा आणि मंजूर करणारा हात एकच असल्याने चर्चा अर्थातच सापडणार नाही. सभागृह असतं तेव्हा निदान इतिवृत्तात कुणी काय बोललं ते राहतं. निदान कुणी गप्प बसलं तेही राहतं.

पुढच्या वर्षाचे करदर कायद्याने २० फेब्रुवारीच्या आत ठरतात. त्याच दिवसांत अंदाजपत्रक येतं. जमा बाजूला दोन आकडे शेजारी मांडून बघा, मिळकतकर आणि बांधकाम परवानगी, गेल्या पाच वर्षांचे. पहिला जागच्या जागी आणि दुसरा फुगत असेल तर पुढच्या सभेच्या पत्रिकेत कलम ३७ चे विषय मोजायला लागा. हरकत देताना पोच घ्या, शिक्क्यासह, आवक क्रमांक आणि तारीख घालून. ईमेल केला असेल तरी एक प्रत टपालखिडकीवर द्याच, कारण सुनावणीच्या यादीत नाव नसलं की दाखवायला तेवढाच कागद हातात उरतो.