सरपंचपती हा कुठला हुद्दा?

आज सकाळी फाट्यावरचा फ्लेक्स पाहिला अन् डोकं फिरलं. निवडून आलेल्या बाईंचा फोटो कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. मधोमध नवरा, गॉगल लावून, हात जोडून. खाली ठळक लाल अक्षरात 'सरपंचपती'.

कोणत्या कायद्यात आहे हो हे पद? पंचायतींना घटनेत स्थान देणाऱ्या 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीत नाही, 2011 ला महाराष्ट्रानं पंचायतीत बायकांना 50 टक्के जागा दिल्या त्यातही नाही. ग्रामनिधीच्या चेकवर सही सरपंचाची अन् ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाची. नवऱ्यासाठी रकानाच नाही कुठं!

आता काहीजण म्हणतील, बाईसाठी 'सरपंचीण' म्हणा. नका म्हणू. आपला 'ईण' प्रत्यय दोन्हीकडून बोलतो. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. मास्तरीण शिकवणारी, की मास्तरच्या घरची? डॉक्टरीण सुई देणारी, की डॉक्टरची मंडळी? नुसत्या शब्दावरून सांगता येत नाही. अन् कारभारीण? कारभारी म्हटलं तर नवराही होतो अन् कारभार पाहणाराही. कारभारीण म्हटलं की आपल्याकडं बहुतेकदा बायकोच. तिचा कारभार कुठं गेला?

म्हातारी माणसं मायेनं 'सरपंचीणबाई' म्हणतात, त्यांना कोण अडवणार. पण फ्लेक्सवर, ठरावाच्या वहीत 'सरपंच'च पाहिजे. 'सर' फारसीतला, म्हणजे डोकं, प्रमुख, पंच आपले. यात पुरुष कुठंय? बाई आहे हे बाकीचं वाक्य सांगतं की: 'गावच्या सरपंच', 'सरपंच आल्या', 'सरपंच बोलल्या'.

वेरूळच्या घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार ज्यांनी केला, 1767 ते 1795 होळकरांचं राज्य ज्यांनी चालवलं, त्या अहिल्याबाईंना 'होळकरीण' म्हणायची कुणाची छाती आहे?

परत जाताना थांबून तो फ्लेक्स पुन्हा पाहिला. कोपऱ्यातल्या त्या एवढ्याशा फोटोत बाईंनी पदर नीट घेतलाय अन् थेट समोर बघतायत. मतं त्यांच्या नावावर पडलीत. नवरा मदत करत असेल, करू दे, चांगलंच आहे. पण मदत करणाऱ्याला पद कशाला?

फ्लेक्स बनवणाऱ्या मित्रांनो, पुढच्या वेळी मजकूर असा घ्या: मधोमध बाईंचा फोटो, खाली त्यांचं पूर्ण नाव, त्याखाली 'गावच्या सरपंच'. नवऱ्याचा फोटो टाकायचाच असेल तर खाली शुभेच्छुकांच्या ओळीत, बाकीच्यांच्याच मापाचा.