बाराव्या पडद्याचं दुखणं

इलेक्ट्रिक गिटार खालच्या स्वरात लावायची असेल तर आधी शेजारी बघून घ्यावेत. आम्ही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले, भिंतीला भिंत लागून. एका बाजूला एक आजोबा, मिरजेत सतारी-तानपुरे करण्यात हयात घालवून आता मुलाकडं राहायला आलेले. समोर उद्यमनगरात लेथ चालवणारे मामा. एकाला चूक कानाला कळते, दुसऱ्याला मायक्रोमीटरला. आणि दोघांच्या मधोमध मी, मांडीवर गिटार, हातात स्क्रूड्रायव्हर आणि समोर स्वर मोजणारा ट्यूनर.

गिटारची खर्जाची तार ई या पाश्चात्य स्वराला लावलेली असते. आमच्या बँडला आवाज जड हवा, म्हणून सगळ्या तारा दोन स्वर उतरवून ती सी-ला आणली. हे खूळ आमचं नव्हे. बर्मिंगहॅममध्ये टोनी आयोमी नावाचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. डावखुरा, त्यामुळं तारा दाबायचा तो उजव्या हाताने, आणि मशीनमध्ये नेमकी त्याच हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. बोटांना टोप्या करून तो वाजवत राहिला. सैल तार दाबायला सोपी, म्हणून १९७१ च्या सुमारास त्याने गिटार तीन अर्धस्वर खाली आणली. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा तो आवाज ऐकून मग दहाही बोटं शाबूत असलेल्या लोकांनी आपापल्या तारा सैल केल्या. मामांना ही गोष्ट मोठ्या भक्तिभावाने सांगितली. ते म्हणाले, "मशीनला गार्ड नसणार."

तार उतरवणं एका मिनिटाचं काम. पुढचं दुखणं इंटोनेशनचं, म्हणजे गळ्यावरच्या प्रत्येक पडद्यावर, त्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, तार सुरात येण्याचं. तार मोकळी छेडली की सी. तीच बाराव्या पडद्यावर दाबली की बरोबर वरच्या सप्तकातला सी यायला पाहिजे. येत नाही. ट्यूनरचा काटा उजवीकडं झुकतो, म्हणजे स्वर चढा. तार दाबताना थोडी ताणली जाते आणि चढते, हे सगळ्याच गिटारींत होतं. पण ई वरून सी, म्हणजे सेकंदाला ८२ कंपनांवरून ६५ वर उतरलं की तीच तार एक तृतीयांशाहून जास्त ताण गमावते आणि वाळत घातलेल्या धोतरागत लोंबकळायला लागते. मग बोटाने जरा जास्त जोर लावला तरी स्वर कुठल्या कुठं जातो.

यावर उपाय म्हणजे जाड तार. तेवढाच ताण हवा असेल तर ४६ च्या जागी ५८ ची, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले ५८. मामांनी मनातल्या मनात हिशोब केला, "दीड एमएमला जरा कमी." ही दीड एमएम नटच्या, म्हणजे गळ्याच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत बसेना, कारण खाच ४६ ची. मामा घरातून बारीक कानस घेऊन आले आणि दोनदा घासून, फुंकर मारून, तार बसवून मोकळे झाले. त्यांना या सगळ्यात कठीण काय आहे तेच कळेना.

कठीण भाग ब्रिजवर असतो, म्हणजे तारांच्या दुसऱ्या टोकाला. तिथं प्रत्येक तारेखाली ती टेकायला एक सॅडल, त्याला मागून स्क्रू. बाराव्या पडद्यावर स्वर चढा आला तर सॅडल मागं न्यायचं, उतरा आला तर पुढं. पण सॅडल हललं की मोकळी तार बेसूर होते. ती परत लावायची, परत बारावा पडदा, परत काटा. माझ्या गिटारीत नट ते ब्रिज ६४८ मिलिमीटर. त्यात सॅडल एक मिलिमीटर मागं नेलं तर जेमतेम पावणेतीन सेंटचा फरक पडतो, आणि एका अर्धस्वरात सेंट असतात शंभर. तेवढा फरक तर माझं बोट चहा प्यायच्या आधी आणि नंतर पाडतं. वर जाड तारेला सॅडल इतकं मागं लागतं की स्क्रू संपत येतो. मागची स्प्रिंग काढून टाकली तेव्हा कुठं आणखी थोडी जागा मिळाली. आई आतून म्हणाली, "एकच स्वर किती वेळ लावतोस? गाणं येत नाही का तुला?"

एवढ्यात आजोबा आले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्यांचा स्वतःचा आवाजही अर्धा स्वर चढलाय. त्यांनी माझी जाड तार ऐकली. खालच्या पडद्यांवर आपटून ती झणझणत होती. गिटारवाल्यांच्या भाषेत हा दोष, आणि तो घालवायला मी सकाळपासून जीव काढत होतो. सतारीत मात्र हीच झणझण मुद्दाम आणतात, तिला जवारी म्हणतात. आजोबांचा चेहरा उजळला. "जवारी बरी लागलीय की! हलवू नकोस आता."

मी त्यांना बाराव्या पडद्याची तक्रार सांगितली. ते गिटारीच्या गळ्यावर वाकले. "मग पडदा सरकव की."

"सरकत नाही, आजोबा."

"न्हाई? दोरा सोडायचा, सरकवायचा, बांधायचा."

"लाकडात ठोकलेत."

ते बराच वेळ गप्प बसले. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, रागाप्रमाणे हलवता येतात. इथं चुकलेला पडदा जागेवरच राहतो आणि त्याच्यासाठी तार मागं-पुढं होते, हे त्यांच्या पचनी पडेना. "कुणी ठोकले?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्यात माझ्यावर संशय होता.

पडदे सप्तकाच्या बारा समान भागांच्या हिशोबाने ठोकलेले असतात, पेटीसारखेच, हे त्यांना सांगायला नको होतं. ज्या गावात अल्लादिया खाँसाहेब दरबारगायक होते तिथं पेटीचं कौतुक जपून करावं. पेटीवर रेडिओने १९४० साली बंदी घातली होती, हे आजोबा अजून समाधानाने सांगतात. ती पुढं उठली, हे सांगत नाहीत. त्यांचा मुख्य राग गंधारावर. या हिशोबातला शुद्ध गंधार खऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो. मी दिवसभर दोन-तीन सेंटसाठी सॅडलशी झटतोय आणि कारखान्यातूनच १४ ची खोट! खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ट्यूनर रंकाळ्यात टाकावासा वाटला.

पण गंधारावरूनच सुटका झाली. मी म्हटलं, "आजोबा, आमच्या गाण्यात गंधार नसतोच बहुतेक. डिस्टॉर्शन लावलं, म्हणजे आवाज मुद्दाम फाडला, की तो कानात खुपतो. आम्ही नुसते सा आणि प वाजवतो, आणि वरचा सा." या हिशोबातला पंचम फक्त दोन सेंट उतरा, तो कुणाला कळतही नाही.

"सा, प, सा?" आजोबा म्हणाले. "म्हणजे तानपुराच की हा! मग एवढं बोंबलायला काय झालंय त्याला?"

त्यानंतर काम झरझर झालं. बाराव्या पडद्याचा नाद सोडला. तिथं मी वाजवतच नाही. आमचा सगळा संसार पाचव्या पडद्याच्या अलीकडं. गोंजारून छेडलेल्या तारेवर विश्वास ठेवायचंही बंद केलं. स्टेजवर हात जोरात पडतो, जोरात मारलं की तारेचा स्वर आधी वर उडतो आणि मग खाली बसतो. म्हणून तेवढ्याच जोराने मारून, पहिल्या झटक्याचा स्वर धरून तार लावली. काटा कधी उजवीकडं कधी डावीकडं जात राहिला, जाऊ दे. आजोबांनी डोळे मिटून ऐकलं आणि "चालतंय" म्हणाले. मिरजेच्या माणसाचं चालतंय म्हणजे मोठी गोष्ट.

स्क्रूड्रायव्हर ठेवतोय तोच गायकाचा फोन. "भावा, सी जरा वर जातंय. घसा बसलाय. बी-ला लावशील?"

मामांनी दारातूनच ऐकलं. "म्हणजे ६२ ची तार," म्हणाले, आणि कानस आणायला गेले.