"रात्रभर गोळी दिली नाही" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

आमच्या व्यसनमुक्ती केंद्राबद्दलचा तुमचा रिव्ह्यू तीनदा वाचला. एकच तारा दिलात, ठीक आहे. त्या रात्री तुम्हाला जो मनस्ताप झाला त्याबद्दल माफी मागते. ओसरीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत तुम्ही रात्र काढलीत आणि आत काय चाललंय ते बाहेर येऊन कुणी नीट सांगितलं नाही, ही आमची चूकच. रात्रपाळीची सिस्टर "बसा, घाई करू नका" एवढंच म्हणाली. तिच्याशी मी बोलले आहे.

पण तुमचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही: "रात्री दहाला दाखल केलं, सकाळी साडेआठपर्यंत एक गोळी दिली नाही, भाऊ रात्रभर तळमळत होता आणि हे लोक वहीत लिहीत बसले होते. दिवस वाढवून पैसे काढायचा धंदा." वाचणाऱ्याला वाटेल, आम्ही मजा बघत होतो. मी बावीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली आहेत हो. कुणाचं दुखणं बघत बसायची हौस मला नाही.

तुमच्या भावाच्या फाईलमधलं एक अक्षर मी इथे लिहिणार नाही, तो त्याचा हक्क आहे. मी फक्त तुम्ही स्वतः लिहिलंय त्याबद्दल बोलते. रिव्ह्यूच्या सुरुवातीलाच तुम्ही म्हणता, तो गाडीत बसायलाच तयार नव्हता म्हणून शिवोलीच्या पुलाअलीकडे गाडी थांबवून त्याला "शेवटचं एकदा" घेऊ दिलं. तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते, हेही तुमचंच. आणि तासाभराने आमच्या टेबलावर विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलंत? "सकाळी आठला घेतलेलं." ताई, नऊ आणि आठ यांत तेरा तासांचा फरक आहे. भीतीपोटी सांगितलं असेल, मी समजू शकते. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक घर पहिल्या रात्री वेळ खोटीच सांगतं. म्हणून तर आम्ही सांगण्यावर जात नाही, डोळ्यांच्या बाहुल्या बघतो. गर्द, म्हणजे हेरॉइनच, अंगात असेल तर त्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात.

आता त्या गोळीविषयी. ब्युप्रेनॉर्फिन म्हणतात तिला, जिभेखाली ठेवतात. कदंबच्या बसमध्ये कुणी सीटवर बसलेला असावा आणि दुसऱ्याने येऊन त्याला उठवून आपण बसावं, तशी ही गोळी मेंदूतल्या जागेवरून हेरॉइनला उठवते. पण हेरॉइनचं काम ती अर्धंच करते. म्हणजे अंगात माल असताना दिली, तर नशा तुटल्यावरच्या ज्या त्रासाला मुलं टर्की म्हणतात तो हळूहळू न चढता अर्ध्या-एक तासात सगळा एकदम आदळतो: उलट्या, जुलाब, हाडं मोडल्यासारखं दुखणं. असा एकदा पोळलेला मुलगा परत त्या गोळीला हात लावत नाही, आणि व्यसन सुटायचा एक चांगला रस्ता बंद होतो. म्हणून शेवटच्या डोसनंतर आठ-बारा तास जाऊ द्यायचे आणि टर्की स्पष्ट दिसेपर्यंत थांबायचं. वहीत आम्ही लिहीत होतो ते हेच. नाडी, घाम, जांभया, नाक गळणं, अंगावरचा काटा, अशा ११ लक्षणांना गुण देतो. बेरीज पुरेशी झाली की डॉक्टरांना फोन, मग पहिला छोटा डोस. नऊला घेतलेल्या माणसाला साडेआठला गोळी, हे साडेअकरा तास झाले. याहून लवकर दिली असती, तर आज तुम्ही याहून वाईट रिव्ह्यू लिहिला असता, आणि तो खरा असता.

तोपर्यंत काहीच देत नाहीत असंही नाही. पोटाच्या मुरड्याला, अंगदुखीला, झोपेला औषधं असतात. क्लोनिडिन आहे, पण त्याने बीपी उतरतं म्हणून आधी बीपी बघावं लागतं. दिवसाचा दर ठरलेला आहे, गोळी उशिरा दिल्याने आमचा एक रुपया वाढत नाही.

मी स्वतः पहाटे पाचला आले होते. साडेसहाला पोदेर, म्हणजे पाववाला, आला तेव्हा तुमच्यासाठी दोन उंडे पाव घेतले, चहा पाठवला. कप तसाच परत आला. तक्रार म्हणून नाही लिहीत.

तुम्ही पुढे म्हणता की आम्ही "कोंडून ठेवतो", आणि चार ओळींनी म्हणता की तिसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा "कुणी अडवलं नाही". यातलं एक काहीतरी ठरवा. जो स्वतःच्या सहीने दाखल होतो त्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे घरी जायचा हक्क असतो. आम्ही समजावतो, दोन दोन तास समजावतो. दाराला कुलूप घालून उपचार करणारे दुसरे असतील.

एक गोष्ट मात्र भांडण बाजूला ठेवून. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत कठीण असतो, त्याच वेळी पोरं पळतात. आणि थोडे दिवस जरी बंद राहिलं तरी शरीराची सवय उतरते. मग त्याच जुन्या मापाने घेतलं की श्वास थांबू शकतो. घरात कुणी घोरल्यासारखा श्वास घेत असेल, उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, तर लाज न बाळगता १०८ ला फोन करा. आमच्याकडे नको असेल तर बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, न्या, तिथेही हे उपचार होतात. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे.

रात्री घरच्यांशी बोलायला एक माणूस ठेवायचा विचार चालू आहे, चवथीनंतर बघतो. ओसरीवर पंखा आणि बरी खुर्चीही लावू. आठ खाटांची जागा आहे आमची, सासऱ्यांच्या जुन्या घरात. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोन घरांनी येतो म्हणून सांगून रद्द केलं. त्यांची पोरं आज कुठे असतील कोण जाणे.

तारे वाढवा असं मी म्हणत नाही. फक्त "रात्रभर" हा शब्द बदलता आला तर बघा. पहाटे चारनंतर त्रास सुरू झाला, असं तुम्हीच सिस्टरला सांगितलं होतं. न राहिलेल्या दिवसांचे पैसे हिशोब करून ठेवले आहेत. तुमचा पेजेचा स्टीलचा डबाही इथेच राहिलाय, घासून ठेवलाय.